'सांगू नको' चार भाषांत, जबाब मात्र एकाच भाषेत

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय मंत्री महोदया,

स. न. वि. वि.

आमच्या सोलापुरात लहान मुलीला एक वाक्य चार भाषांत ऐकायला मिळतं. पूर्व भागात 'एवरिकी चेप्पोद्दु', अक्कलकोटच्या बाजूला 'यारिगू हेळबेड', विजापूर वेशीत 'किसीको नक्को बोल' आणि बाकी गावात 'कुणाला सांगू नको'. मी पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळेत मराठी. पुढे 37 वर्षं मुलांना मराठीच शिकवलं. हे वाक्य मात्र मी मराठीत शिकायच्या आधी तेलुगूत शिकले.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमच्या घरात दोन माग होते आणि सुट्टीत माझं काम कांड्या भरायचं. सूत ज्यांच्याकडून उधारीवर यायचं, त्यांना आम्ही काका म्हणायचो. काय झालं ते मी इथे लिहिणार नाही, त्याची गरजही नाही. अम्माला मी एवढंच सांगितलं की काकांच्या घरी निरोप घेऊन मी जाणार नाही. तिने वर पाहिलं. तिला कळलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. तिने ओठांवर बोट ठेवलं, मागाकडे, म्हणजे वडिलांकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला. पुढच्या आठवड्यापासून निरोप घेऊन धाकटा भाऊ जाऊ लागला.

त्या दोन मिनिटांत अम्माने केवढा हिशेब केला असेल, हे मला पन्नाशीत समजलं. सूत बंद झालं तर माग बंद. वडिलांना सांगितलं तर मारामारी, आणि मग गल्लीत बोभाटा. मोठीचं लग्न ठरत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने मला वाचवलं, पण गप्प बसवून वाचवलं. दर नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथापुढे ते काका पांढऱ्या कपड्यांत चालायचे आणि मी गच्चीवरून बघायचे. ते वारले तेव्हा आमच्या घरून डबा गेला होता. मी तोंड उघडलं ते 32 वर्षांनी, तेही एका मैत्रिणीपाशी, रेल्वेच्या डब्यात, जिथे समोरच्या बाकावर कुणी ओळखीचं नव्हतं.

हे सगळं सांगते आहे ते एका प्रश्नासाठी. आजही कुणी बोलायला आलं की पहिला प्रश्न येतो, 'इतके दिवस का गप्प होतीस?' पोलीस ठाण्यात येतो, नातेवाइकांकडून येतो, आणि अहो, शिक्षकांच्या खोलीतही येतो. मी तो माझ्या कानांनी ऐकला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये गुरमित सिंग खटल्यात सांगून ठेवलं आहे की अशा गुन्ह्यात तक्रारीला उशीर झाला म्हणून ती खोटी ठरत नाही, कारण घराण्याच्या अब्रूचा विचार करूनच लोक पायरी चढतात. इतकी वर्षं झाली, तो निकाल काउंटरपर्यंत पोचलेला नाही.

गप्प राहणारी मी एकटी नाही. तुमच्याच खात्याच्या केंद्रातल्या मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अहवाल काढला होता. त्यातल्या 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि छळणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या अवघ्या 14 टक्के. या आकड्यांत अम्माचं बोट आहे.

आता शाळेतली एक गोष्ट. ओळख पटू नये म्हणून वर्ष, वर्ग, वय, सगळं गाळते. वहीच्या शेवटच्या पानावर एका मुलीने निळ्या शाईत दोन ओळी लिहिल्या होत्या, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या तेलुगूत, पण तेलुगू शब्दही देवनागरीतच. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असं काही कळलं की पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. कळवलं. पण हे सांगायला हवं की 'बाई, कुणाला सांगू नका' असं म्हणत विश्वासाने आलेल्या मुलीला 'मला सांगावंच लागेल' असं सांगताना तिचा चेहरा जसा झाला, तो मी विसरलेले नाही. कायदा बरोबर आहे. तरीही मुलं बोलायला कचरतात त्याचं एक कारण हा कायदासुद्धा आहे, हे आपण मान्य करायला हवं.

मुलीची आई विड्या वळायची. तिला मराठी समजे, बोलता येत नसे. ठाण्यातल्या बाकावर ती मांडीवर सूप असल्यासारखे हात ठेवून बसली होती आणि बोटं आपोआप वळत होती. ती म्हणाली, 'चेड्ड पनि'. वाईट काम. लिहून घेणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. त्याने लिहिलं, 'गैरवर्तन'. मी म्हटलं, गैरवर्तन नाही हो, त्याहून बरंच जास्त आहे. तो म्हणाला, बाई, तुम्ही सांगा ना काय शब्द घालू. मराठीची शिक्षिका मी, आणि आईसमोर, मुलीसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना. आपल्याकडे या अवयवांना एक तर शिवीतला शब्द आहे, नाही तर संस्कृतातला. त्या दोन्हींच्या मधला, मुलीला न लाजता उच्चारता येईल असा शब्द आपण तिला शिकवलाच नाही. आणि पुढे कलम कुठलं लागणार, ते याच शब्दावर ठरतं.

त्या दिवशी दुभाषी मी झाले. खरं तर मी व्हायलाच नको होते. कलम 19 मध्येच लिहिलं आहे की मुलाला न समजणाऱ्या भाषेत जबाब लिहिला जात असेल तर जाणकार दुभाषी द्यावा. जबाब शक्यतो घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यावा, घेणारी स्त्री अधिकारी असावी, गणवेश नसावा, हे कलम 24. आम्ही ठाण्यात होतो, आणि समोर गणवेश होता.

खटला उभा राहिला. कायदा म्हणतो शक्यतो एका वर्षात निकाल लागावा. मुलीची साक्ष निघायला चार वर्षं गेली. तोवर आईला जातायेता समजावणारे भेटत होते, त्यांतले दोन सख्खे दीर. मुलगी कोर्टात उभी राहिली आणि म्हणाली, 'आठवत नाही'. कागदावर शेरा आला, फितूर. मॅडम, हा शब्द मी इतिहासाच्या धड्यात शिकवला आहे. किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा तो फितूर. एक पोर चार वर्षं एकटी किल्ला लढवून दमली, तर तिला आपण हाच शब्द लावतो.

म्हणूनच शिक्षा कडक करण्याच्या घोषणांचा मला फारसा भरवसा वाटत नाही. 2021 च्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक मंजूर केलं. त्याचा कायदा झाला नाही, पण टाळ्या मिळाल्या. करणारा चुलता असतो, शेजारी असतो, घरात पैसे आणणारा असतो. 'तू बोललीस तर त्याला फाशी होईल' हे वाक्य अकरा वर्षांच्या मुलीला सांगून बघा. ती आयुष्यभर बोलणार नाही.

मी मागते ते फार लहान आहे. पोक्सोच्या 2020 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, तज्ज्ञ आणि सहाय्यक व्यक्तींची नोंदवही ठेवायची असते. हा कक्ष तुमच्या खात्याचा आहे. सोलापूरची नोंदवही मागवून घ्या आणि त्यात तेलुगू, कन्नड, उर्दू जाणणाऱ्या किती बायका आहेत ते मोजा. नसतील तर नेमा. निवृत्त शिक्षिका या गावात पुष्कळ आहेत, प्रशिक्षण द्या, आम्ही येऊ. आणि मुलीसोबत सहाय्यक व्यक्ती पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत राहील असं बघा. ते दीर चार वर्षं घरी येत होते, आपल्या बाजूने एक बाई तरी यायला हवी होती.

मोठ्या बायकांचंही एक आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये आठ माणसं कामाला असतात. दहापेक्षा कमी माणसं असली, किंवा तक्रार खुद्द मालकावर असली, तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मी कांड्या भरणाऱ्या, विड्या वळणाऱ्या पंधरा-वीस जणींना विचारलं. एकीनेही या समितीचं नाव ऐकलेलं नव्हतं. शिवाय मुदत तीन महिने, कारण दिलं तर आणखी तीन. मला 32 वर्षं लागली. समितीचा पत्ता चार भाषांत लिहून विडी जमा करायच्या प्रत्येक ठिकाणी लावायला किती खर्च येईल?

खुल्या पत्राने काय होतं, असं माझी सून विचारते. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना असंच खुलं पत्र लिहिलं होतं. आपल्याच राज्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, अंगावर जखमा नाहीत म्हणून आरोपी सुटले होते. त्या पत्रानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेचं नाव छापायला बंदीही त्याच दुरुस्तीने आली. गंमत अशी की तो खटला आजही त्या मुलीच्याच नावाने शिकवला जातो. मी ते इथे लिहिलेलं नाही.

माझंही लिहिलेलं नाही. पत्राखाली सही करायला पेन उचललं होतं. माझ्या भाचीचं लग्न ठरतं आहे, मुलाकडचे याच गावातले, आणि बहिणीने काल फोनवर तेच वाक्य म्हटलं. तेलुगूत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर