शिकवणाऱ्या मुलांना अडवू नका

संपादक महोदय,

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की एकदम सगळं इंग्रजीतून सुरू होतं. फिजिक्समध्ये मोजमापातल्या त्रुटी आणि किरणोत्सार या दोन गोष्टींत तर हमखास अडतात. आमच्या गल्लीतली काही मुलंमुली संध्याकाळची बस आली की माझ्या सोप्यात बसून एकमेकांची गणितं सोडवतात. मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, पण इथं बहुतेक वेळा नुसती ऐकत बसते.

परवाचं गणित असं होतं : आयोडीन-131 चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 8 दिवस. 80 मिलिग्रॅम असेल तर 20 दिवसांनी किती उरेल? 16 दिवसांनी 20 आणि 24 दिवसांनी 10, इथवर सगळे आले. एक मुलगा म्हणाला, "मग मधलं धर की, पंधरा." सूत्र तोंडपाठ असलेल्या मुलीचं उत्तर 14.1 आलं होतं. पण पंधरा का नाही, हे तिला सांगता येईना. शेवटी तिनं वहीत आलेख काढला. "हे बघ, आधी माल जास्त असतोय, म्हणून जातोय पण जास्त. सोळाव्या दिवसानंतरच्या पहिल्या चार दिवसांत सहाच्या जवळपास गेलं, पुढच्या चार दिवसांत चारच." त्याला पटलं, आणि तिला स्वतःचं सूत्र त्या दिवशी खरं कळलं.

त्याच मुलानं तिची लंबकाची चूक काढली. ती एकाच झोक्याची वेळ घेत होती. स्टॉपवॉच दाबताना 0.2 सेकंद इकडेतिकडे झाले, तर 2 सेकंदांच्या झोक्यात 10 टक्के त्रुटी येते. 20 झोके मोजले तर 40 सेकंदांत ती अर्ध्या टक्क्यावर येते. शिवाय सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून 'जी' (गुरुत्वीय त्वरण) काढताना तीच त्रुटी दुप्पट धरायची. प्रॅक्टिकलच्या वहीत हे तिनं उतरवलं होतं, पण कळलं त्याच्याकडून.

आता या मुलीला घरच्यांनी यायचं बंद केलंय. "दुसऱ्यांना शिकवत बसलीस तर तुझे मार्क जातील, सीईटीला मागं पडशील," असं त्यांचं म्हणणं. आणखी एका घरात हेच चाललंय. पालकांची काळजी मला कळते. क्लासची फी भरताना घर मेटाकुटीला येतं. पण सीईटीला सगळ्या राज्यातली मुलं बसतात. शेजारच्या मुलाला एक गणित समजलं म्हणून आपल्या मुलीचा नंबर जात नाही. उलट समजावून सांगताना आपलं कुठं कच्चं आहे ते जितकं लख्ख दिसतं, तितकं एकटीनं पाठ करताना दिसत नाही. माझी पालकांना कळकळीची विनंती आहे, मुलांना एकत्र बसू द्या.

आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींनी परीक्षा होईपर्यंत वाचनालयं रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावीत. माझ्या सोप्यात आता जागा पुरत नाही. आमच्या गावात वाचनालय उघडलं, तर रोज तिथं थांबायची जबाबदारी मी घेते.

— एक निवृत्त शिक्षिका, नंदगड, ता. खानापूर