रविवारची मीटिंग : घराची सुरक्षा

सर्व सभासदांना नमस्कार,

मे महिन्याच्या सुट्टीत निम्मी सोसायटी गावाला जाते. त्याआधी येत्या रविवारी सकाळी १०.३० वाजता बी विंगच्या पार्किंगमध्ये जमायचं आहे. प्रत्येक फ्लॅटमधून एकाने तरी यावं.

सुरक्षेच्या उपकरणांसाठी वेगवेगळे कोटेशन मागवण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या :

– दाराचा सेन्सर म्हणजे एक लोहचुंबक पल्ल्याला अन् एक स्विच चौकटीला. दोन्ही लांब गेले की सायरन वाजतो. स्वस्त आणि भरवशाचा. आधी हाच घ्या.
– हालचाल ओळखणारा सेन्सर अंगाची उष्णता टिपतो. घरात मांजर असेल तर इन्स्टॉलरला आधीच सांगा.
– वाय-फाय कॅमेरा सोपा, पण लाइट गेली की राउटरसकट बंद. राउटरला आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस हवाच. वायरिंगचा कॅमेरा घेतलात तर डीव्हीआरलाही (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) बॅकअप द्या, आणि तो डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका. चोर आधी तोच उचलतो.
– व्हिडिओ डोअरफोन ज्येष्ठांसाठी उत्तम.

जिन्यातल्या कॅमेऱ्याचं रात्रीचं चित्र परवा पांढरंफटक दिसत होतं. बिघाड नव्हता, काचेवर कोळ्याचं जाळं होतं! महिन्यातून एकदा फडका मारा.

नियम : कॅमेरा समोरच्यांच्या दारावर रोखायचा नाही. कॉमन पॅसेजमध्ये भोक पाडण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. कॅमेऱ्याचा डीफॉल्ट (कंपनीने घालून दिलेला) पासवर्ड बसवला त्याच दिवशी बदला.

संशयास्पद काही दिसलं तर ग्रुपवर फोटो टाकत बसू नका, आधी ११२ लावा.

– सेक्रेटरी