जड चाक उचलू नका, सरकवा

संपादक महोदय,

इंदूरमध्ये मोठ्या एसयूव्ही वाढल्या आहेत. त्यांचं चाक टायरसकट 25-30 किलो भरतं. घरी ते बदलताना कंबर धरते, बोटं चेमटतात. दोन्ही टाळता येतं.

गाडी गरजेपुरतीच वर घ्या. टायर आणि जमीन यांत दोन बोटं फट पुरे. टायरखाली पहारीचं किंवा फावड्याचं टोक सरकवा, मध्ये लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून ठेवा आणि दांडा पायानं हळूच दाबा. चाक वर येतं, हात भोकं जुळवायला मोकळे राहतात.

फोक्सवॅगन, स्कोडाच्या गाड्यांत हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) स्टड, म्हणजे चाक अडकवायचे आटेदार खिळे, नसतात; बोल्ट बाहेरून लागतात. तिथे 14 मिमी जाडीचा, 1.5 पिचचा (दोन आट्यांतलं अंतर 1.5 मिमी) लांब बोल्ट घेऊन डोकं कापा, हबच्या वरच्या भोकात हातानं फिरवा आणि चाक त्यावर अडकवा. बाकीचे बोल्ट लागले की तो काढा.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासा, नाहीतर चाक सपाट बसत नाही आणि नट नंतर ढिले होतात. नट समोरासमोर आवळा. पान्यावर उभं राहून आवळायची सवय वाईटच: स्टड ताणला जातो, पुढे तुटतो. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते मोजणारा) वापरा, 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पावसाळ्यात आपली काळी माती जॅक गिळते. खाली जाड फळी हवीच. हँडब्रेक ओढा, तिरकस समोरच्या चाकाला दगड लावा; वीट नको, ती फुटते.

– एक वाचक, इंदूर