टॉवरच्या मागेही बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘६जी’वरचा, म्हणजे ५जीनंतर येणाऱ्या मोबाइल सेवेवरचा लेख वाचला. चित्रं सुंदर. डॉक्टर म्हणे होलोग्राम होऊन घरी येणार. येवोत बापडे! पण बीमफॉर्मिंग (लहरी नेमक्या मोबाइलकडे वळवणं), टेराहर्ट्झ (अतिउच्च कंपनांच्या लहरी) यांनी पान भरलं आणि टॉवरच्या मागे काय असतं यावर एक ओळ नाही? टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर म्हणून नोकरी झाली माझी, त्यामुळे हे जरा जास्तच टोचलं.

हवेतला प्रवास मोबाइल ते टॉवर एवढाच हवा. पुढे फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल लागते. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर एकाच वेळी अनेक मोबाइल सांभाळणारं ६४ अँटेनांचं मॅसिव्ह मायमो बसवा, मागे फायबरऐवजी हवेतूनच डेटा पाठवणारी जुनी मायक्रोवेव्ह डिश असेल तर सगळा डेटा तिथेच तुंबणार. तुमच्या त्या २६ गिगाहर्ट्झच्या लहरींना तर अडायला आंब्याचा पाला आडवा आला तरी पुरे.

आमच्या राजापूर तालुक्यातल्या गावात रेशनचं मशीन घेऊन दुकानदार सड्यावर (वरच्या कातळपठारावर) जातो, कारण रेंज तिथेच. गेल्या पावसाळ्यात आम्हीही मागोमाग चढलो. जांभ्या दगडावर मशीन, एकाने वर छत्री धरलेली. शेजारच्या काकींचा ओला अंगठा लागेना. पदराला पुसून पुसून त्यांनी तो लाल केला. शेवटी लागला, तर रेंजच गेली! तांदूळ खाली दुकानात, माणसं वर सड्यावर. विचारलं तर म्हणे, ‘टॉवरची लाइट गेलीय, बॅटरी उतरली.’ ६जीत ही बॅटरी उतरणार नाही, असं तुमच्या लेखकांनी लिहून द्यावं.

ऑक्टोबर २०२२मध्ये दिल्लीत ५जीचं उद्घाटन झालं आणि मार्च २०२३मध्ये ६जीचा आराखडाही आला. एवढी घाई जेसीबीने तोडलेली केबल जोडायला कुणी करताना दिसत नाही. खड्डा खणणारा वेगळा, बुजवणारा वेगळा, आणि जोडणाऱ्याला कुणी कळवतच नाही.

जाता जाता, त्या २८ दिवसांच्या रिचार्जवरही लिहा कधीतरी. पंचांगात अधिक महिना तीनेक वर्षांनी येतो, कंपन्यांकडे दरवर्षी. पेन्शन मात्र बाराच महिन्यांची मिळते.

लेख आला तर जरूर वाचेन. फक्त कालच्यासारखी फिकट निळी अक्षरं नकोत, चष्मा लावूनही तक्ता लागला नाही.

— एक वाचक, राजापूर