उस्ताद, त्या दिवशी तुम्ही शर्टाचं बटण सोडलंत

उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या 31 तारखेला, पोलीस खात्यातून तुम्ही निवृत्त झालात त्या निरोप समारंभात माझं नाव पुकारलं गेलं. मी उभी राहिले, "उस्तादांनी मला" एवढंच बोलले आणि पुढचं गळ्यातच अडकलं. टाळ्या वाजल्या, मी खाली बसले. त्या दिवसापासून ते अर्धं वाक्य माझ्यामागे लागलंय. लोकलमध्ये, भाजी निवडताना, रात्री बंदोबस्तावर उभी असताना. ते पुरं करण्यासाठी हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण माझा अपमानही चारचौघांतच झाला होता आणि तो तुम्ही चारचौघांतच पुसलात.

2009 साल आठवा. नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्याला काहीच महिने झाले होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपली माणसं जुन्या थ्री नॉट थ्री रायफली घेऊन एके-47 समोर उभी राहिली होती. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर घेत कसाबची बंदूक सोडली नव्हती. काळाचौकीच्या आमच्या चाळीत तेव्हा दुसरा विषय नव्हता. त्याच हवेत मी भरती झाले. मुलींसाठी उंचीची अट 155 सेंटीमीटर, मी 156. एका सेंटीमीटरने पोलीस झाले, असं वडील अभिमानाने सांगायचे.

पॉइंट टू टूवर, म्हणजे सरावाच्या हलक्या रायफलीवर, सगळं छान चाललं होतं. ती रायफल खांद्याला फक्त टेकते, बोलत नाही. मग हातात थ्री नॉट थ्री आली. चार किलोची, खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या टोकाला पितळेची पट्टी. आडवं पडून पहिला राऊंड मारला आणि गळ्याच्या हाडावर कुणीतरी पाट्यावरचा वरवंटा आपटल्यासारखं झालं. पाच राऊंड झाले तेव्हा मी शेवटचे तीन डोळे मिटून मारले होते. संध्याकाळी खांद्यावर पुरीएवढा जांभळा डाग. घरी गेले त्या रविवारी लोकलची कडी धरायला उजवा हात वर जाईना. आईने काही न विचारता सहाण काढली, आंबेहळद उगाळली आणि लेप लावला.

तुमच्या आधी जे आम्हाला शिकवत होते त्यांची नावं मी घेणार नाही. पण काय म्हणाले ते लिहिणार आहे. एक म्हणायचे, रायफल घट्ट आवळून धर. दुसरे म्हणायचे, अंग सैल सोड. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, विचारलं तर उत्तर, "पोळ्या लाटायला कुणी शिकवलं होतं का?" एकदा मी शर्टाच्या आत रुमालाची घडी ठेवली. ती सापडली. सगळ्यांसमोर ती बाहेर काढायला लावली, हवेत फडकावली, आणि रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या. तेही मी पचवलं असतं. पचलं नाही ते एक वाक्य. "काही लागत बिगत नाही, मनाचे खेळ आहेत." रोज तेच ऐकून ऐकून मी आरशात तो डाग बघायचे आणि वाटायचं, मीच नाटक करतेय का? लागतंय हे मान्य करायचीसुद्धा लाज वाटायला लागली होती. उस्ताद, दुखण्यापेक्षा ते वाईट होतं.

नेमबाजीतल्या नापासांची यादी लागली. अकराजण, त्यातल्या सात मुली. आम्हाला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही शस्त्रागारातले, शिकवणं हे तुमचं कामही नव्हतं. टेकडीखालची ती रेंज, रात्रभर पडलेल्या पावसाने भिजलेली ताडपत्री. तुम्ही भाषण केलं नाहीत. माझ्याकडे पाठ करून रायफल भरलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मार." मी चाप ओढला. नुसतं टक् झालं. आत डमी राऊंड होता, न उडणारी खोटी गोळी. पण नळी वीतभर खाली गेली होती, माझे डोळे मिटलेले होते आणि खांदा पुढे धावला होता.

"बघितलंस? धक्का बसलाच न्हाई, तरी तू खाल्लास."

मग विचारलंत, "लागतं का पोरी?"

मी सवयीने म्हणाले, "नाही उस्ताद."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत. मग शर्टाचं वरचं बटण सोडलंत, कॉलर बाजूला केलीत आणि सगळ्या रांगेला तुमचा उजवा खांदा दाखवलात. तिथे डाग होता. माझ्याच डागाच्या रंगाचा, कडेला पिवळा पडत चाललेला. "काल चाळीस रायफली तपासल्या. सतरा वर्सं ह्येच करतोय. मला लागतंय, मग तुला लागणारच. लोखंड हाय त्ये." बटण लावलंत आणि पुढच्या मुलाकडे वळलात.

एवढंच. दहा सेकंदं लागली असतील. माझ्या नोकरीत नंतर बक्षिसं मिळाली, प्रशस्तिपत्रं मिळाली, पण ती दहा सेकंदं मला कुणी पुन्हा दिली नाहीत. ज्याला सगळं येतं त्याने, हातात पट्टी असलेल्या माणसाने, कच्च्या रिक्रूटांसमोर आपला खांदा उघडा करून दाखवणं. एकजण मागे हसला होता. त्याला तुम्ही रागावला नाहीत, फक्त रेंजवरच्या सगळ्या रिकाम्या पुंगळ्या मोजून आणायला सांगितल्यात, आणि तो येईपर्यंत विषय संपला होता. त्या क्षणानंतर मला खोटं बोलावं लागलं नाही. लागत होतं, आणि ते खरं होतं. आता त्याचं काय करायचं एवढाच प्रश्न उरला. तो सोपा होता.

तुम्ही शिकवलेलं सगळं इथे लिहीत नाही, ते शिकायला तुमच्यासारखा माणूस शेजारी गुडघे टेकून बसलेला लागतो. पण काही गोष्टी राहवत नाहीत. माझा दस्ता सारखा बाहेर दंडावर किंवा वर हाडावर सरकत होता. आधीचे म्हणायचे, नीट धरत नाही. तुम्ही माझा हात मोजलात, शस्त्रागारात गेलात आणि तासाभराने एक जुनी रायफल घेऊन आलात. दस्त्यावर इंग्रजी एस अक्षर ठोकलेलं. आखूड दस्ता! म्हणालात, ही रायफल बनवणाऱ्या विलायतेतल्या लोकांनीच आखूड, नेहमीचे, लांब असे वेगवेगळे दस्ते केले होते, कारण तिथेही शिपाई एका मापाचे नव्हते. पहिल्या महायुद्धात पाच फूट तीन इंचांपेक्षा बुटक्या माणसांच्या पलटणी उभ्या केल्या, तेव्हा त्यांच्यासाठी एसपेक्षाही आखूड दस्ता निघाला, त्यावर बी. महिनोन्‌महिने मला वाटत होतं की या हत्यारासाठी मीच कमी पडतेय. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या शिपायाला जे माप मिळत होतं ते मला मिळालं नव्हतं, एवढीच गोष्ट होती. ज्यांनी मला पोळ्या लाटायला पाठवलं, त्यांना हे माहीत असायला हवं होतं.

तो दस्ता तुम्ही खांद्याच्या खोबणीत बसवलात, गळ्याचं हाड आणि खांद्याचा सांधा यांच्या मधल्या मऊ जागेत. घट्ट आणि सैल यांचं भांडणही तिथेच मिटलं. दस्ता आणि खांदा यांच्यात फट नको, म्हणजे रायफल वेग घेऊन आदळत नाही, अंगाला सोबत घेऊन मागे येते. आणि ते अंग मात्र ताठ नको. रायफल जड आहे अशी मी तक्रार केली तर म्हणालात, "वजनाला शिव्या देऊ नगंस, त्येच तुझ्या वाटणीचा धक्का खातंय." कानात कापसाचे बोळे स्वतः करून दिलेत. अर्धी भीती आवाजाची असते हे तुम्ही सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं, मी सगळं खांद्यावरच ढकलत होते. आणि माझा तो रुमाल, घडी करून, तुम्ही स्वतः परत ठेवायला लावलात. "रुमालानं बंदूक बिघडत न्हाई."

माझं बीएस्सीला भौतिकशास्त्र होतं. त्या रात्री बराकीत वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. साधारण 11 ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला 740 मीटरच्या आसपास, त्यात दारूच्या वायूचा वाटा, आणि समोर चार किलोची रायफल. ती मागे येते सेकंदाला जेमतेम तीन मीटरने. गोळी नळीच्या तोंडातून सुटते तोपर्यंत रायफल दोनेक मिलिमीटरच सरकलेली असते. म्हणजे खांद्याला जो दणका कळतो त्याच्या आत गोळी निघून गेलेली. माझे राऊंड कुठेही जात होते ते दणक्याच्या आधी मी जे करत होते त्यामुळे. तुम्ही हे गणित न मांडता एका डमी राऊंडने दाखवलं होतंत.

पुढचे चार दिवस तुम्ही खरे आणि डमी राऊंड मिसळून भरत राहिलात. पुढचा कुठला ते कळत नसे, म्हणून आधीच आक्रसून बसण्यात अर्थच उरला नाही. पाचव्या दिवशी दहापैकी सात लागले, डोळे उघडे ठेवून. डाग तेव्हाही पडला, पण लहान, आणि योग्य जागी. तुम्ही कागद बघितलात, "बरं हाय" म्हणालात आणि रायफली पुसायला बसलात.

उस्ताद, या खात्यात आवाज चढवणारे खूप भेटतात. दरडावणं सोपं आहे, त्याला काही यावं लागत नाही. मला तुमच्यासारखीही माणसं भेटली, म्हणून मी टिकले. परळला बंदोबस्तात आपली छत्री नवीन पोरीला देऊन स्वतः भिजणारे हवालदार. बाळंतपणानंतर रुजू झाले तेव्हा न सांगता माझी रात्रपाळी स्वतःकडे घेणाऱ्या ठाण्यातल्या मावशी. त्यांची नोंद कुठल्याही सेवापुस्तकात होत नाही. तुम्ही सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालात एवढंच कागदावर आहे. त्या अकराजणांपैकी दहाजण पास झाले, हे कुठल्याच कागदावर नाही. म्हणून इथे लिहिलं.

आता माझ्याकडे नव्या मुली येतात. हत्यारं बदलली, खांदे तेच आहेत. कुणी "नाही मॅडम, लागत नाही" म्हणाली की मी तिला बाजूला घेते आणि आधी कॉलर सरकवून माझा खांदा दाखवते. सरावाच्या आठवड्यात असेल तर डाग असतो.

निरोपाच्या दिवशी हार-तुऱ्यांच्या ढिगात वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी होती, त्यावर नाव नव्हतं. वहिनींनी मसाला समजून डब्यात टाकली असेल तर काढून ठेवा. ती आंबेहळद आहे, आईने दिलेली. तिला तुमच्या खांद्याची गोष्ट मी 2009 मध्येच सांगितली होती. ती म्हणते, सहाणेवर उगाळा, जरा कोमट करा आणि रात्री झोपताना लावा.

तुमची,
2009 च्या तुकडीतली एक शिपाई