पान १६० नंतर थेट १७७: कुमार कादंबरीच्या सदोष प्रतीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सोबतच्या पावतीतील कादंबरीची गहाळ पाने आणि त्यावर आपण दिलेले उत्तर

महोदय,

ही कादंबरी मी नौपाड्यातल्या दुकानातून माझ्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी घेतली आणि आम्ही दोघींनी ती वाचली. पान १६० नंतर १४५ ते १६० ही पाने पुन्हा येतात आणि मग एकदम १७७. मधली सोळा पाने नाहीतच.

हे कळवल्यावर आपल्याकडून उत्तर आले की, कादंबरी विस्मरणाबद्दल असल्यामुळे पानांची पुनरावृत्ती हा लेखिकेचा प्रयोग असावा. प्रत सदोष निघाली याचे वाईट वाटले होतेच, पण या उत्तराचा मला राग आला.

छापलेल्या कागदाला घड्या घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो. १४५ ते १६० हा दहावा फर्मा, १६१ ते १७६ अकरावा. बांधणीत दहावा दोनदा लागला आणि अकरावा राहून गेला. दुकानदाराने माझ्यासमोर आणखी प्रती उघडल्या, त्यांतही हेच. पान १६० वरचे वाक्य अर्ध्यात तुटते आणि १७७ वर भलत्याच वाक्याचा शेवट येतो. याला प्रयोग म्हणायचे?

कादंबरी विचित्र आहे, हे खरे. त्या नगरात पंधरावे वर्ष लागले की प्रत्येकाला एक आठवण कोठीत जमा करावी लागते. नायिका आईची आठवण देते. त्यानंतर निवेदनात आई उरतच नाही, उरते ती ‘घरातली बाई’. लेखिका कुठेही खुलासा करत नाही. माझी लेक आधी चिडली, मग मागची पाने उलटून आई नेमकी कुठून पुसट होत गेली ते शोधत बसली. इतके धीट लेखन मुलांसाठी क्वचितच होते. पान १६० वर नायिका रात्री कोठीच्या दाराशी पोचते. १७७ वर ती पुन्हा ‘आई’ अशी हाक मारते, पण धाकटा भाऊ तिला ओळखत नाही. तिने बदल्यात काय दिले? सगळी कादंबरी ज्यासाठी लिहिली, ते त्या सोळा पानांत आहे.

मुले विचित्र पुस्तकाला घाबरत नाहीत. पण बांधणीतली चूकही लेखिकेने मुद्दाम केली, असे त्यांना सांगितले तर तिच्या खऱ्या धाडसावरही ती विश्वास ठेवणार नाहीत.

आम्हाला निर्दोष प्रत पाठवावी. या खेपेची विक्री थांबवून दुकानांतल्या व ग्रंथालयांत गेलेल्या प्रती बदलून द्याव्यात. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या, १८९३ पासून चालत आलेल्या संस्थेत एक प्रत किती हातांतून फिरते, हे आपण जाणताच. आणि ‘लेखिकेचा प्रयोग’ हे उत्तर लेखी मागे घ्यावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहत्या जिल्ह्यातच, ठाण्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)

सोबत: पावतीची प्रत, पान १६०, दुसऱ्यांदा आलेले १४५ आणि १७७ यांची छायाचित्रे