वेठीचा अर्थ लावून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

इंग्लंडमधील १३८१ च्या शेतकरी उठावावरचा माझा लेख अखेर पूर्ण झाला. त्याची उभारणी आपल्या पेन्सिलीच्या खुणांवर झालेली असल्यामुळे हे आभार चारचौघांदेखत मानावेत, असे मला वाटले.

उपासमारीने पिचलेले लोक लंडनवर चालून गेले, असे सोपे वाक्य मी पहिल्या खर्ड्यात लिहिले होते. आपण समासात एवढेच विचारलेत, 'मजुरीचे दर पाहिलेस का?' ते पाहिल्यावर माझे वाक्य टिकेना. १३४८ मध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावरून शिरलेल्या प्लेगने दोनेक वर्षांत देशातील निदान एक तृतीयांश माणसे नेली, उरलेल्या हातांचा भाव वाढला आणि घाबरलेल्या जमीनदारांच्या पार्लमेंटने १३५१ च्या कायद्याने मजुरी साथीपूर्वीच्या दरावर बांधून टाकली. पण पीक शेतात उभे असताना त्यांतलेच कित्येक जमीनदार गुपचूप जास्त पैसे मोजत होते. मजुराला आपली किंमत कळली होती आणि कायदा ती नाकारत होता.

त्यात डोईपट्टी आली. १३७७ मध्ये माणशी चार पेनी असलेली ही पट्टी १३८० अखेर बारा पेनींवर गेली आणि करदात्यांची संख्या साडेतेरा लाखांवरून नऊ लाखांच्याही खाली आली. मी ही घट साथीच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. 'अगं, ही माणसे मेली नाहीत, लपवली,' हे आपले हसत काढलेले उद्गार मला अजून आठवतात.

सर्वांत मोठे ऋण मात्र एका शब्दाचे आहे. जमिनीला जखडलेल्या कुळांना मी 'गुलाम' म्हटले होते. आपण ते खोडून 'वेठीची कुळे' असे लिहिलेत आणि बंडखोरांनी गावोगावची दप्तरे का जाळली, हे मला त्या क्षणी उमगले, कारण कोणी किती दिवस वेठ करायची याची नोंद त्याच दप्तरांत होती. लंडनच्या स्मिथफील्ड मैदानावर चौदा वर्षांच्या राजासमोर बंडखोरांचा म्होरक्या वॉट टायलर मारला गेला, त्या प्रसंगाची माझी तीन पाने आपण अर्ध्या पानावर आणलीत, तेव्हा खरे तर राग आला होता.

बंडखोरांना चेतवणाऱ्या जॉन बॉल या धर्मोपदेशकावरचा परिच्छेद आपण काढायला सांगूनही मी ठेवला आहे. छापील प्रत घेऊन येईन, तेव्हा त्याबद्दल बोलणी खाण्याची तयारी आहे.

आपली विद्यार्थिनी